नऊ महिने मंगळवार पहाटेचं रॉ: कुस्ती झकास, पण निकाली एकही नाही

आधी निवाडा देऊन टाकू, म्हणजे ज्यांना तेवढाच हवा त्यांची इथेच सुटका होईल. डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची ती अमेरिकन, निकाल आधी ठरवून खेळायची कुस्ती, दिसायला आज जेवढी देखणी आहे तेवढी कधीच नव्हती. पोरं-पोरी अंगानं तयार आहेत, दमसास दांडगा आहे, स्टेडियमं भरतायत. आणि तरी एप्रिल ते डिसेंबर २०२५ सलग तिचे दोन साप्ताहिक कार्यक्रम, रॉ आणि स्मॅकडाउन, पाहिल्यावर हातात काय उरतं, तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’. पाचपैकी अडीच तारे. तेही जवळजवळ सगळे रिंगमध्ये उतरणाऱ्यांचे. लेखकांचा वाटा त्यात फार तर पाव.

‘सगळं ठरवलेलं असतं रे’ हे सांगायला कुणी येऊ नये. ट्रम्प कार्डं खेळणाऱ्या पोरांनाही ते चौथी-पाचवीत कळायचं. तक्रार नेमकी उलटी आहे: सगळं ठरवायची मुभा असूनही ही मंडळी काहीच ठरवत नाहीत. आपल्याकडे यात्रेतल्या मैदानाच्या पोस्टरवर ‘कुस्ती निकाली होईल’ असं मुद्दाम छापतात, कारण बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीवर लोक चिडतात. तिथे दोघे खरोखर तोडीस तोड निघाले तर पंच तरी काय करणार? इथे दोन्ही पैलवान लेखकाच्या मुठीत, वेळ त्याची, घंटा त्याची, आणि तरी कुस्ती बरोबरीत.

काय मिळतं, किती मिळतं

भारतात १ एप्रिल २०२५ पासून सगळं नेटफ्लिक्सवर आलं. त्याआधी सोनीच्या क्रीडा वाहिन्यांवर होतं. मोबाइलपुरता प्लॅन १४९ रुपयांचा, टीव्हीवर बघायचं तर १९९ पासून पुढे. रॉ, स्मॅकडाउन, नवोदितांचं एनएक्सटी आणि महिन्याचे मोठे कार्यक्रम सगळे त्यात. या मोठ्या कार्यक्रमांना कंपनी २०२२ पासून ‘प्रीमियम लाइव्ह इव्हेंट’ म्हणते, लोक अजून पीपीव्हीच (पे-पर-व्ह्यू) म्हणतात.

वेळेचं गणित एकदा पाठ करून ठेवा. अमेरिकेत उन्हाळी घड्याळ चालू असतं तेव्हा, म्हणजे मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, रॉ मंगळवारी पहाटे साडेपाचला लागतं, हिवाळ्यात साडेसहाला. स्मॅकडाउन शनिवारी, त्याच वेळी. कार्यक्रम पॅरिस, रियाध किंवा पर्थला असला की मात्र आपल्याकडे माणसांच्या वेळेत येतो, संध्याकाळी किंवा रात्री अकराच्या आसपास.

रॉ साधारण अडीच तास. स्मॅकडाउन जानेवारी २०२५ मध्ये दोनाचं तीन तास झालं, वर्षाच्या मध्यात पुन्हा दोनावर आलं. एनएक्सटी दोन तास. म्हणजे २०२५ च्या उत्तरार्धात इमानेइतबारे बघणाऱ्याचे आठवड्याचे साडेसहा-सात तास जायचे, मोठा कार्यक्रम वेगळा. आणि याला सुट्टीचा हंगाम नाही. ११ जानेवारी १९९३ ला रॉ सुरू झालं तेव्हापासून गाडी वर्षाचे बावन्न आठवडे धावतेय. क्रिकेट-फुटबॉललाही दम खायला जागा असते. इथे नाही, आणि गोष्ट पातळ होण्याचं पहिलं कारण तेच.

रॉचा एक भाग उकलून बघू

पहिली पंधरा-वीस मिनिटं बोलण्यात जातात. एक जण संगीतावर येतो. जे उसो असेल तर अख्खं प्रेक्षागृह हात वरखाली करत नाचतं, त्यात पाचेक मिनिटं सहज जातात. गंमत आहे, पण दर आठवड्याला तीच. मग तो माइक घेतो. दोन वाक्यं झाली की दुसऱ्याचं संगीत. तो उतरतो, दोघे बोलतात, तिसऱ्याचं संगीत. शेवटी जनरल मॅनेजर येऊन जाहीर करतो की आज रात्री मेन इव्हेंटला या सगळ्यांची टॅग टीम मॅच, म्हणजे जोड्या पाडून कुस्ती. टेडी लाँग २००४ मध्ये स्मॅकडाउनचा जनरल मॅनेजर झाला तेव्हापासून हा विनोद चालू आहे: कुठेही चार जण भांडताना दिसले की टॅग टीम. वीस वर्षांत माणूस बदलला, घोषणा तीच.

मधल्या तासाभरात दोन-तीन मॅच असतात. त्यांचा सांगाडा एकदा ओळखता आला की डोळे मिटून सांगता येतो. सुरुवातीला चांगला माणूस चमकतो. मग खलनायक काहीतरी लबाडी करून त्याला तोडतो, बहुतेक वेळा रिंगच्या बाहेर फेकून. तेवढ्यात जाहिरातीचा ब्रेक. ब्रेकमध्ये मॅच थांबत नाही, मंदावते: खलनायक मागून हनुवटी आवळून बसतो, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीवाल्याचं काही चुकायला नको. ब्रेक संपला की चांगला माणूस बरोबर त्याच क्षणी उठतो, दोन क्लोथलाइन (आडव्या हाताचे फटके), एक मोठी उडी, दोनपर्यंत मोजणी, सुटका. प्रत्येक मॅचला कंपनीचा एक प्रोड्यूसर असतो, बहुधा माजी पैलवानच. चाली तोच बसवून देतो. नवी भरती बहुतेक ओरलँडोच्या परफॉर्मन्स सेंटरमधून येते, जे २०१३ मध्ये उघडलं. तालीम एक, वस्ताद तेच, म्हणून चालही एकच. जुन्या काळी एक मेम्फिसहून यायचा, एक कॅल्गरीहून, एक मेक्सिकोतून, एक जपान फिरून. दोघांच्या पद्धती एकमेकांवर घासल्या जायच्या आणि त्या घर्षणातच मॅच घडायची.

आता शेवट. इथेच सगळं नासतं. टीव्हीवरच्या मॅचचे शेवट चारच प्रकारचे दिसतील. पहिला, कुणाचंतरी संगीत वाजतं, जिंकत आलेला पैलवान रॅम्पकडे वळून बघत उभा राहतो आणि मागचा त्याला गुंडाळून तीन मोजून घेतो. पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला माणूसही दर आठवड्याला संगीत ऐकून वळतो, राव! दुसरा, टोळी आत घुसते आणि पंच डिसक्वालिफिकेशन देतो. तिसरा, पंचालाच धक्का लागतो. चौथा प्रकार स्वच्छ हार. ती ज्याला कुणीच ओळखत नाही त्याच्या वाट्याला. पहिल्या तिन्ही प्रकारांचा हेतू एकच: हरणाऱ्याला खरं हरू द्यायचं नाही. म्हणून जिंकणाराही खरा जिंकत नाही. या आठवड्यात तू, पुढच्या आठवड्यात मी. याला चाहत्यांत फिफ्टी-फिफ्टी बुकिंग म्हणतात (बुकिंग म्हणजे कोण जिंकणार ते ठरवणं). दोघांची पत राखायला जाऊन दोघांचीही घालवायचा हा हमखास उपाय आहे.

डावांची चलनवाढ हाही त्यातलाच भाग. डीडीटी म्हणजे एकेकाळी जेक रॉबर्ट्सचा शेवटचा डाव. तो बसला की लोक घरी जायला उठायचे. आज डीडीटी मॅचच्या तिसऱ्या मिनिटाला येतो आणि समोरचा एकावरच सुटतो. सुपरकिक, म्हणजे थोबाडावरची लाथ, शॉन मायकल्सची. आता एका टॅग मॅचमध्ये मोजून बघा, बोटं पुरत नाहीत. आणि मोठ्या कार्यक्रमाला प्रत्येक जण प्रत्येकाच्या फिनिशरमधून, म्हणजे मॅच संपवायच्या डावातून, उठतो, तेही दोन-तीनदा. धोबीपछाड बसल्यावर पैलवान कपडे झटकत उठायला लागला तर मैदानात शिट्टी कोण मारेल?

सीनाचं खलनायकपण: पाच महिन्यांत शून्यावर

२०२५ चा सगळ्यात मोठा प्रयोग आणि सगळ्यात मोठी माती, दोन्ही एकाच ठिकाणी आहेत, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

जॉन सीनानं जुलै २०२४ मध्ये टोरोंटोत जाहीर केलं की २०२५ हे शेवटचं वर्ष. १ मार्च २०२५ ला, पुन्हा टोरोंटोतच, तो एलिमिनेशन चेंबर ही पिंजऱ्यातली मॅच जिंकला, आणि रॉकनं (ड्वेन जॉन्सन) खूण करताच तेव्हाचा विजेता कोडी रोड्स याला मिठी मारता मारता त्यानं लाथ घातली. वीस वर्षांहून जास्त काळ लहान मुलांचा नायक असलेला माणूस खलनायक झाला. चाहते हे दशकभर मागत होते आणि कुणालाच ते होईलसं वाटत नव्हतं. इथपर्यंत लेखकांना सलाम. ब्रसेल्स, ग्लासगो आणि लंडनमधली त्याची भाषणं, प्रेक्षकांवरच उलटलेली, वर्षातली सगळ्यात चांगली बोलणी होती.

मग काय? ज्या रॉकनं हे घडवलं तो रेसलमेनियाला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाला, आलाच नाही. २० एप्रिलला लास व्हेगासमध्ये सीना सतरावं जागतिक विजेतेपद जिंकला ते रॅपर ट्रॅव्हिस स्कॉट मध्ये पडल्यामुळे. रॉकशी केलेल्या कराराची, त्याला आत्मा विकण्याची सगळी गोष्ट ज्याच्यावर उभी होती तो खांबच काढून घेतला, आणि त्याबद्दल पडद्यावर धड स्पष्टीकरणही नाही. सीना म्हणाला, कुस्तीच बरबाद करणार, पट्टा घेऊन निवृत्त होणार. पण त्यानं काही बरबाद केलं का? तोच टी-शर्ट, तीच अर्धी चड्डी. मे महिन्यात रँडी ऑर्टन, मग आर-ट्रुथ, जूनमध्ये रियाधला सीएम पंक. हत्यारं बहुतेक तीच: खाली फटका, नाही तर पट्ट्यानं डोकं. खलनायकाला खलनायकी करायला कामच दिलं नाही.

१ ऑगस्टला स्मॅकडाउनवर येऊन त्यानं सांगितलं की आपण चुकलो, आणि ३ ऑगस्टला समरस्लॅम या उन्हाळ्यातल्या मोठ्या कार्यक्रमात कोडीनं पट्टा परत घेतला. मॅच उत्तम झाली, तीत शंका नाही. पण हिशेब मांडा: मार्चआधी पट्टा कोडीकडे, सीना चांगला; ऑगस्टनंतर पट्टा कोडीकडे, सीना चांगला. ये रे माझ्या मागल्या. पाच महिने पुसून टाकले तर गोष्टीत एक ओळही बदलत नाही. सीनाच्या त्या वर्षात मोजक्याच तारखा होत्या ही अडचण खरी. पण तारखा मोजक्या असताना तर एकेक तारीख जपून वापरायची असते.

गंमत म्हणजे १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये त्याची शेवटची मॅच झाली ती मात्र निकाली. गुंथरनं गळा आवळला, सीना हसला आणि त्यानं हात आपटला. ‘कधीच हार मानू नका’ असं दोन दशकं सांगणारा माणूस हार मानून गेला. प्रेक्षकांनी शिव्या घातल्या, कित्येक चाहते अजून रागात आहेत. माझ्या मते वर्षभरात कंपनीनं घेतलेला हा एकमेव धाडसी निर्णय. राग आला, कारण काहीतरी घडलं.

बाकी ठिकाणी राग येण्याइतकंही घडत नाही. जजमेंट डे ही टोळी एप्रिल २०२२ पासून आहे. फिन बॅलर आणि डॉमिनिक मिस्टेरिओ यांचं आज फाटेल, उद्या फाटेल म्हणून किती मंगळवार गेले मोजायची सोय नाही. रोमन रेन्सच्या टोळीचं, ब्लडलाइनचं तर विचारू नका. रेन्सचं १,३१६ दिवसांचं विजेतेपद एप्रिल २०२४ मध्ये संपलं. ती गोष्ट तिथे संपायला हवी होती. त्यानंतर सोलो सिकोआच्या टोळीनं जे चालवलंय ती शिळी कढी आहे, आणि तिला दर तीन महिन्यांनी ऊत आणतात.

हे असं का होतं

लेखक मठ्ठ आहेत, हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. सॅमी झेननं जानेवारी २०२३ मध्ये रेन्सच्या पाठीत खुर्ची घातली तो प्रसंग याच कंपनीनं लिहिला, आणि महिनोन् महिने पाया घालून लिहिला.

पहिलं कारण पैसा, पण लोक समजतात तसा नाही. नेटफ्लिक्सचा करार दहा वर्षांचा, ५०० कोटी डॉलरहून जास्त. पैसे बांधलेले आहेत. पूर्वी रॉ कंटाळवाणं झालं की पुढच्या सोमवारी आकडा पडायचा आणि सकाळी ऑफिसात आरडाओरडा व्हायचा. १९९६ ते १९९८ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीच्या नायट्रोनं सलग ८३ आठवडे रॉला मागे टाकलं, आणि स्टीव्ह ऑस्टिन नि कंपनीचा मालक मॅकमहन यांचं भांडण, रॉकचा जन्म, सगळं त्या तडफडीतून आलं. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली आणि तडफड संपली. एईडब्ल्यू ही दुसरी प्रतिस्पर्धी कंपनी २०१९ पासून आहे आणि तिनं काही वेळा धडा दिलाय. तिथे जॉन मॉक्सलीनं पट्टा बॅगेत कोंबून ठेवला होता. जुलै २०२५ मध्ये टेक्सासच्या स्टेडियममध्ये हँगमन पेजनं त्याला हरवून तो बाहेर काढला. लांबवलं होतंच, पण शेवटी कुलूप उघडलं. तरीही डब्ल्यूडब्ल्यूईची झोप उडावी एवढी ती मोठी नाही.

दुसरं कारण कॅलेंडर. पहिली हेल इन अ सेल, म्हणजे बंद पिंजऱ्यातली मॅच ऑक्टोबर १९९७ मध्ये झाली, कारण शॉन मायकल्स दर वेळी अंडरटेकरच्या तावडीतून पळत होता. पळू नये म्हणून पिंजरा. भांडणातून पिंजरा आला. २००९ पासून त्याच पिंजऱ्याच्या नावाचा वार्षिक कार्यक्रम झाला, मग भांडण असो नसो, तारीख आली की पिंजरा खाली येणार. पॉल लेव्हेक, म्हणजे ट्रिपल एच, यानं २०२२ मध्ये सूत्रं घेतल्यावर तो कार्यक्रम बंद केला, छान केलं. आणि त्या जागी दर नोव्हेंबरला वॉरगेम्स, म्हणजे पिंजऱ्यातली टोळीविरुद्ध टोळी मॅच, आणून बसवलं. आता सप्टेंबरपासूनच टोळ्या जमवायला घेतात, कारण दोन पिंजरे भरायचे आहेत. आधी मांडव, मग नवरदेव शोधा.

तिसरं, ताऱ्यांना जपणं. तारे महाग झाले, त्यांच्यावर जाहिराती आहेत, टी-शर्ट आहेत. कुणालाही खाली आणायचं नाही. पण गोष्टीत हार ही शिक्षा नसते, ते इंधन असतं. गुंथरनं इंटरकॉन्टिनेंटल, म्हणजे दुय्यम विजेतेपदाचा पट्टा ६६६ दिवस ठेवला. त्या काळात तो साधं, स्वच्छ जिंकत गेला, म्हणून सॅमी झेननं त्याला हरवलं तेव्हा त्या पट्ट्याला किंमत आली. इतकं सोपं आहे.

काय चांगलं आहे, तेही सांगायला हवं

कॅमेरा. प्रक्षेपण सांभाळणारा केव्हिन डन २०२३ च्या अखेरीस गेल्यानंतर प्रत्येक फटक्याला शॉट तोडायची आणि कॅमेरा हलवायची खोड कमी झाली. पैलवान पार्किंगमधून रिंगपर्यंत एकाच शॉटमध्ये चालत येतो ते बघायला मजा येते.

बायकांच्या मॅच. १३ जुलैला अटलांटात इव्होल्यूशन या फक्त बायकांच्या कार्यक्रमात इयो स्काय आणि रिया रिप्ली यांची मॅच नुसती डोळे भरून पाहावी. ती रंगात असतानाच नेओमीनं ब्रीफकेस वटवून (ती जिंकणाऱ्याला कधीही विजेतेपदाची मॅच मागता येते) पट्टा पळवला. ही लबाडी चालते, कारण तिनं खरंच काहीतरी बदललं.

सेथ रोलिन्सचा गुडघा. १२ जुलैला दुखापत, महिनाभर कुबड्या, मुलाखती, आणि २ ऑगस्टला समरस्लॅममध्ये पंकनं गुंथरला हरवल्या हरवल्या रोलिन्स कुबड्या टाकून धावत आला आणि त्याची ब्रीफकेस वटवून पट्टा घेऊन गेला. बातम्यांच्या आधारे आपण सगळं ओळखतो असं समजणाऱ्या जाणकारांना यानं साफ चितपट केलं. मग ऑक्टोबरमध्ये त्याला खरीच दुखापत झाली आणि पट्टा सोडावा लागला. याला नशीब म्हणायचं.

डॉमिनिक मिस्टेरिओ. बापाच्या सावलीतला पोरगा ते सगळ्यांचा लाडका नालायक, हा प्रवास सावकाश आणि नीट लिहिलेला आहे.

कसं बघावं, म्हणजे त्रास कमी

लाइव्ह बघू नका. सकाळी साडेआठनंतर (हिवाळ्यात साडेनऊनंतर) पूर्ण भाग उघडा आणि पहिली वीस मिनिटं सरळ ओलांडा. त्यात जे ठरतं ते नंतर तीन वेळा दाखवतात. मॅच लागली की घंटेपासून बाहेर फेकेपर्यंत बघा, मग ब्रेकचा भाग सोडून ‘कमबॅक’वर या. मेन इव्हेंट पूर्ण बघा. अडीच तासांचे पन्नास मिनिटं होतात आणि काही निसटत नाही. निकाल आधी कळू नये असं वाटत असेल तर मंगळवारी सकाळी यूट्यूब आणि इन्स्टाग्राम उघडू नका. छोट्या क्लिपच्या चित्रावरच पट्टा कुणाच्या खांद्यावर ते दिसतं.

मोठ्या कार्यक्रमाच्या आधीचा शेवटचा भाग तर पूर्ण टाळा. त्यात कराराच्या सहीचं टेबल असतं, टेबल उलटतं, आणि जो शेवटी उभा राहतो तो बहुतेक वेळा शनिवारी हरतो.

पैशाचं म्हणाल तर वर्षभर प्लॅन चालू ठेवायची गरज नाही. जानेवारीत रॉयल रंबलच्या आठवड्यात सुरू करा, एप्रिलमध्ये रेसलमेनिया संपल्यावर लगेच येणारं रॉ बघून बंद करा. या तीन महिन्यांत लेखक जागे असतात. मे-जून सोडून द्या. समरस्लॅमच्या दोन आठवडे आधी पुन्हा एक महिना घ्या, आणि सप्टेंबरात टोळ्या पिंजऱ्यासाठी माणसं गोळा करायला लागायच्या आत बंद.